पेशवाईची वस्त्रे : ऐतिहासिक नाटकाची वेशभूषा आणि पुराव्याचा प्रश्न

मराठेशाहीच्या व्यवहारात एखाद्या पदावर नेमणूक झाली हे सांगावयाचे असता त्या पदाची 'वस्त्रे' मिळाली, असे म्हटले जाई. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे येत. वस्त्रांबरोबर शिक्केकट्यार येई. आणि ती स्वीकारल्यावाचून पेशवा हा पेशवा होत नसे. हा शब्दप्रयोग लाक्षणिक नाही. पागोटे, शेला, जामेवार, किनखाब अशी नगवार मोजदाद असलेली ती खरीखुरी वस्त्रे असत. पद आधी आणि पोशाख त्याची निशाणी म्हणून मागाहून, असा क्रम येथे नाही. वस्त्र अंगावर येणे हीच पद मिळण्याची कृती आहे. अठराव्या शतकातील महाराष्ट्रावर नाटक करू पाहणाऱ्याने वेशभूषेचा विचार येथून सुरू करावयास हवा होता. मराठी रंगभूमीवर तो येथून सुरू झाला नाही.

ऐतिहासिक नाटकाच्या परीक्षणात वेशभूषेच्या वाट्याला बहुधा शेवटच्या परिच्छेदातील एक वाक्य येते, आणि ती 'काळाला साजेशी' होती की नव्हती एवढेच त्यात नोंदविलेले असते. साजेशी म्हणजे काय, कोणत्या काळाला, आणि तो काळ परीक्षकास कोठून परिचित झाला, हे प्रश्न विचारले जात नाहीत. वस्तुतः परीक्षकाच्या मनातील 'तो काळ' हा बव्हंशी त्याने पूर्वी पाहिलेल्या नाटकांचा, चित्रपटांचा आणि भिंतीवरील तसबिरींचा बनलेला असतो. कपडेपटातून आलेला अंगरखा कपडेपटातूनच आलेल्या दुसऱ्या अंगरख्याशी ताडून पाहिला जातो आणि जुळला की अस्सल ठरतो. हे वर्तुळ कोठे आणि कसे तोडता येईल, हा वेशभूषेच्या विचारातला खरा प्रश्न आहे. तो सजावटीचा नाही. इतिहासाविषयीच्या सामूहिक समजुतीचा आहे.

भारतीय नाट्यविचारात वेशाला स्थान नव्हते असे नाही. भरताने आहार्य अभिनयाचे स्वतंत्र विवेचन केले असून नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. परंतु भरताच्या दृष्टीने वेश ठरतो तो देश, जाती, वय आणि अवस्था यांवरून. 'काळ' हा घटक त्या विचारात नाही, आणि त्याची गरजही नव्हती. दुष्यंत कोणत्या शतकातला, हा प्रश्नच तेथे संभवत नाही. वेश काळावरून ठरावा ही अपेक्षा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय इतिहासदृष्टीची देणगी होय. लंडनमध्ये १८२३ साली चार्ल्स केंबलने 'किंग जॉन'चा प्रयोग केला, तेव्हा जे. आर. प्लांशे याने थडग्यांवरील मूर्ती, मुद्रा आणि हस्तलिखितांतील चित्रे पाहून कपडे बेतले. पुढे १८७४ ते १८९० या काळात माइनिंगेनच्या ड्यूकची मंडळी युरोपभर हिंडली, तीही अशाच काटेकोरपणाची कीर्ती मिरवीत. तिकडे ही दृष्टी रुजत असतानाच इकडे १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक आले. मराठीतील या पहिल्या स्वतंत्र ऐतिहासिक नाटकाने वेशभूषेपुढे एक नवीच अडचण उभी केली. विष्णुदास भाव्यांच्या परंपरेतील पौराणिक पात्रांना वेशाचा ठरीव संकेत होता. माधवराव पेशव्याला तो नव्हता. त्याला जाऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. त्याच्या काळची पागोटी बांधणारे हात आणि ती बांधलेली पाहिलेल्या माणसांची मुले पुण्यात होती. म्हणजे ज्या वेळी पुरावा सर्वांत जवळ होता, त्या वेळी तो गोळा करण्याची दृष्टी नव्हती. आणि दृष्टी आली तोवर पुरावा दूर गेला होता.

मधल्या काळात ती पोकळी एका वेगळ्याच शक्तीने भरून काढली. बडोद्याच्या दरबारासाठी पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे रंगविण्याचे काम राजा रविवर्म्याकडे आले, तेव्हा प्राचीन नायिकांना कोणता वेश द्यावा हा प्रश्न त्याला पडला आणि त्याच्या शोधात तो देशभर हिंडला. त्याच्या अनेक नायिकांच्या अंगावर जे आले ते पश्चिम भारतातील समकालीन लुगडे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्याने ही चित्रे घराघरांत नेली. रंगभूमीनेही हाच मार्ग पत्करला. 'स्वयंवर' या १९१६ सालच्या नाटकातील बालगंधर्वांची रुक्मिणी ही द्वारकेच्या काळातील नव्हती, पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरातील होती. म्हणूनच तिचे नेसणे, तिचे दागिने आणि केसांतील फुले यांचे अनुकरण प्रेक्षागृहातील स्त्रियांना करता आले. याला कालविपर्यास म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण तो वेश प्रेक्षकाशी जिवंत संबंध ठेवून होता, हे विसरता येत नाही. विपर्यास खरा सुरू झाला तो नंतर, जेव्हा समकालीन म्हणून आलेले ते वस्त्र समकालीन राहिले नाही आणि तेच 'प्राचीन' म्हणून गोठले.

पुरावा मुळीच नाही अशी स्थिती आज नाही. मोतीचंद्रांचे 'प्राचीन भारतीय वेशभूषा' (१९५०), गो. स. घुर्ये यांचे 'इंडियन कॉस्च्यूम' (१९५१) आणि नाट्यव्यवहाराशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या रोशन अल्काझी यांचे 'एन्शंट इंडियन कॉस्च्यूम' (१९८३) हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आहेत. उत्तर पेशवाईपुरते बोलावयाचे तर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि १७९५ मध्ये मरण पावला. या चार वर्षांत त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना समोर बसवून त्यांची चित्रे काढली. शिवकालाविषयीही असेच. दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र शिवाजीमहाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचारात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र पुढे आणले, तेव्हा तो भ्रम दूर झाला. एका चित्राच्या ओळखीवर सबंध महाराष्ट्राच्या मनातील एका पुरुषाचा वेश अवलंबून असतो, ही गोष्ट वेशभूषाकाराने ध्यानात ठेवावी अशी आहे.

परंतु चित्र हा पुरावा कशाचा आहे? चित्रकारासमोर बसताना नानाने जे परिधान केले ते चित्रकारासमोर बसण्यासाठी केले होते. ते दरबारी वस्त्र आहे. ओटीवर बसून हिशेब तपासणारा, उन्हाळ्याच्या दुपारी घरात वावरणारा, पूजेहून उठलेला नाना वेल्सच्या चित्रांत नाही. नाटकाला मात्र नेमका तोच हवा असतो, कारण नाटक समारंभापेक्षा समारंभाच्या आधी आणि नंतर घडते. एका प्रसंगाचा वेश सर्व प्रसंगांना लावल्यामुळे ऐतिहासिक नाटकातील पात्रे मध्यरात्रीही तुरा-शिरपेच लावून खलबत करताना दिसतात. त्यात प्रेक्षकाला काही वावगे वाटत नाही, हे त्याहून चिंताजनक होय.

तपशिलाचा आग्रह धरावयाचा तर तो कोठवर, याचेही उत्तर वाटते तितके सरळ नाही. रासायनिक रंगांचा आरंभ १८५६ साली पर्किनच्या जांभळ्या रंगापासून होतो. त्यापूर्वीचे कापड मंजिष्ठ, आल, नीळ, हळद, कुसुंबा, डाळिंबाची साल यांनी रंगविलेले. त्या रंगांचा तजेला वेगळा आणि ते विटतातही वेगळ्या रीतीने. जुना कलाबतू हा रेशमावर गुंडाळलेल्या मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेचा असे. त्याला वजन होते, आणि त्या वजनाने शेल्याची चुण खाली ओढली जाई. आजची जर हलकी असते. विजेच्या दिव्याखाली ती चमकते, पण पडत नाही. जाम्याचे बंद डाव्या अंगाला की उजव्या, यावरून मोगल काळात हिंदू आणि मुसलमान ओळखता येत, असे सामान्यतः सांगितले जाते. 'आईने अकबरी'त अबुल फजलने तकौचिया नावाच्या हिंदुस्थानी अंगरख्याची हकीगत दिली आहे. त्याचा घेर मुळात चिरलेला असे आणि बंद डावीकडे असत. अकबराने घेर गोल करविला आणि बंद उजवीकडे घेतले. राज्यकर्त्याचे धोरण एका बंदाच्या जागेत वाचता येते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला तो बंद दिसेलही. बाराव्या रांगेत त्याचा काही अर्थ उरत नाही. मात्र नटाला तो सर्वकाळ जाणवतो. पागोटे आणि बांधीव पगडी यांतला फरकही याच जातीचा आहे. पागोटे ही बांधण्याची वस्तू आहे, त्यामुळे ती सुटू शकते, उलगडू शकते, कोणी ती खेचू शकतो. कपडेपटातील पुठ्ठ्यावर बसविलेली पगडी फक्त चढविता आणि उतरविता येते. एका वस्तूबरोबर अभिनयाच्या किती शक्यता येतात आणि किती जातात, हे येथे दिसते. शिवलेल्या नऊवारीचेही तेच. दोन प्रवेशांमधल्या थोडक्या वेळात वेश पालटावयाचा तर ती सोयीची खरी. पण काचा घालून नेसलेल्या लुगड्यात बाईचे चालणे, बसणे, ओचा सावरणे, पदर खोचणे यांत जे काम दिसते, ते शिवणीत हरवते.

अस्सलपणाची कसोटी जेथे खऱ्या अर्थाने लागते ते ठिकाण मात्र वेगळेच आहे. महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबात केशवपन झालेल्या विधवेचे वस्त्र पांढरे नव्हते. ते आलवण होते, म्हणजे जाड्याभरड्या सुताचे, तांबडे, बिनकाठाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे दृश्य घरोघर परिचित होते. तथापि आजच्या प्रेक्षकाच्या लेखी विधवा म्हणजे पांढरी साडी. हा संकेत इतर प्रांतांतून, आणि मुख्यतः हिंदी चित्रपटातून, त्याच्या मनात पक्का झालेला आहे. तांबडा रंग तो सौभाग्याचा समजतो. आता वेशभूषाकाराने काय करावे? पांढरे नेसवावे तर इतिहास खोटा होतो, आणि त्यापेक्षाही गंभीर म्हणजे येथल्या समाजाने येथल्या स्त्रीवर लादलेली विटंबना दुसऱ्या कोणाच्या तरी खाती जमा होते. आलवण नेसवावे तर अर्थ उलटा होण्याचा धोका. हा पेच केवळ ग्रंथ पाहून सुटणारा नाही. तो सुटू शकतो फक्त प्रयोगात. डोईवरून घेतलेला पदर, दागिन्यांचा अभाव, आणि शेजारी सवाशिणीचे हिरवे लुगडे ठेवून त्या तांबड्याचा रूक्षपणा डोळ्यांत भरविणे, अशा योजनेने प्रेक्षकाला तो विसरलेला संकेत पुन्हा शिकविता येतो. वेशभूषा चांगली असेल तर ती संहितेने न सांगितलेले काही सांगते, असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ हा.

रोलाँ बार्थ याने १९५५ मध्ये नाट्यवेशाच्या रोगांवर एक लेख लिहिला. ऐतिहासिक तपशिलाचा अतिरेक, नुसत्या सौंदर्याचा अतिरेक आणि पैशाचे प्रदर्शन हे तीन रोग त्याने दाखविले. वेशाने नाटकाच्या सामाजिक आशयाची सेवा करावी. तो स्वतःकडे लक्ष वेधू लागला की आजारी पडला, असे त्याचे प्रतिपादन होते. निरोगी वेशाचा नमुना त्याला ब्रेख्तच्या 'मदर करेज'मध्ये आढळला. तेथले कपडे विटलेले, मळलेले, वापराने झिजलेले होते, आणि ती झीज युद्धाची कथा सांगत होती. बार्थच्या निदानातील पहिला आणि तिसरा रोग मराठी ऐतिहासिक नाटकात बहुतेक एकत्र नांदतात. भरजरी शालू आणि झगझगीत अंगरखे हे एकाच वेळी 'इतिहास' आणि 'वैभव' म्हणून खपविले जातात. पण बार्थचे निदान येथे जसेच्या तसे लावताना एक अडचण आहे. ज्या समाजात वस्त्र देणे हीच सत्ता देण्याची क्रिया होती, त्या समाजावरील नाटकात वस्त्राने स्वतःकडे लक्ष वेधणे हा नेहमीच रोग म्हणता येणार नाही. वस्त्रे देण्याचा प्रसंग नाटकात असेल तर तेथे वस्त्र हेच पात्र असते. रोग आहे तो इतरत्र, सर्वत्र, सारखाच झगझगाट असण्यात. कारण त्यामुळे ज्या क्षणी वस्त्र चमकावयास हवे त्या क्षणी ते चमकूच शकत नाही.

वेश संहितेवर कसा मात करतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे 'घाशीराम कोतवाल'. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. आपले नाटक ऐतिहासिक नाही, हे विजय तेंडुलकरांनी स्पष्ट केले होते. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी घाशीराम निर्माण करते आणि सोय सरली की त्याला जमावापुढे टाकते, हा त्यांचा विषय. तरीही नाना फडणविसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी म्हणून नाटकावर गदारोळ उठला. या वादाची चर्चा लेखकाचे स्वातंत्र्य आणि इतिहासाचे सत्य या दोन अंगांनी पुष्कळ झाली. वेशाच्या अंगाने ती फारशी झालेली दिसत नाही. वास्तविक नाटक अनैतिहासिक असल्याचे शब्द सांगत होते आणि वस्त्रे नेमके त्याच्या उलट सांगत होती. ज्या पेशवाई वेशाला अस्सल मानावयास मराठी प्रेक्षकाला शंभर वर्षे शिकविले होते, तोच वेश चढवून ही पात्रे नाचत होती. प्रेक्षकाने निवेदनापेक्षा पगडीवर विश्वास ठेवला, यात नवल नाही.

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची (१९०७) येथे तुलना करण्यासारखी आहे. तेथे वेश पुराणाचा होता, पण कीचकाच्या आत कर्झन आहे हे प्रेक्षकाने ओळखले आणि सरकारनेही ओळखले. म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पौराणिक वेश पारदर्शक ठरला, ऐतिहासिक वेश अपारदर्शक ठरला. याचे कारण उघड आहे. पुराणाचा वेश संकेत म्हणून स्वीकारलेला असतो, त्याच्या आत कोणीही उभा राहू शकतो. इतिहासाचा वेश पुरावा म्हणून स्वीकारलेला असतो, आणि पुराव्याच्या आत दुसरे कोणी उभे राहिले की ते खोटी साक्ष ठरते. 'घाशीराम'मधील कलावंतांनी ऐतिहासिक वेशाला पुन्हा संकेत बनविण्याचा प्रयत्न केला. एकाच रांगेतील माणसे क्षणात ब्राह्मण, क्षणात पडदा, क्षणात भिंत होतात, तेव्हा अंगावरचा वेश कोणा एका ऐतिहासिक माणसाचा राहतच नाही. तो समूहाचा गणवेश होतो. नाटकाची खरी धार येथे आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांना ती अचूक लागली असे म्हणावे लागेल. साध्या बुशशर्टात हे नाटक झाले असते तर गदारोळ उठला नसता. पण मग हे नाटकही झाले नसते.

आतापर्यंतचा विचार पगडी, शालू आणि जामा यांच्याभोवती फिरला, कारण पुरावा त्यांचाच आहे. ज्यांनी चित्रकाराला बसवून घेतले, ज्यांच्या वस्त्रांची मोजदाद दप्तरात झाली, त्यांचेच कपडे उरले. बाकीच्यांसाठी कपडेपटात एक घोंगडी, एक मुंडासे आणि गुडघ्यावर आणलेले एक धोतर ठेवलेले असते. ते सतराव्या शतकातील मावळ्याला चालते, अठराव्या शतकातील कुणब्याला चालते आणि विसाव्या शतकातील शेतकऱ्यालाही चालते. सरदारांचा इतिहास असतो, म्हणून त्यांचे अंगरखे शतकागणिक बदलतात. कुणब्याला इतिहास नाही, म्हणून त्याची घोंगडी बदलत नाही. कपडेपटाची ही विभागणी इतिहासलेखनाची जुनी विभागणीच आहे. तिच्यावर मात्र इतिहासलेखनाइतकी टीका झालेली नाही.

जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे १८५५ मधील नाटक करावयास घेतले की हा प्रश्न टाळता येत नाही. दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवलेले हे नाटक तिने स्वीकारले नाही, आणि ते छापले गेले ते १९७९ मध्ये. जोशी, कुणबी नवराबायको, पाद्री, विदूषक ही त्यातली पात्रे फुल्यांच्या दृष्टीने समकालीन होती. आज ती ऐतिहासिक झाली आहेत. जोशीबुवांचा वेश शोधण्यास श्रम पडत नाहीत. कुणबी आणि कुणबीण यांचे काय? चित्रे थोडी, आणि जी आहेत ती बहुतेक साहेबांनी 'नमुने' म्हणून काढविलेली. पण येथे एक पुरावा असा आहे, जो वेशभूषाकार क्वचितच उघडून पाहतो. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये फुल्यांनी शेतकऱ्याचे घर, त्यातली भांडीकुंडी आणि त्याच्या अंगावरचे कपडे यांचे डोईपासून पायांतल्या जोड्यापर्यंत बारकाईने वर्णन केले आहे. ते वर्णन करुणा उत्पन्न करण्यासाठी केलेले नाही. ती नोंद आहे, सरकारपुढे मांडावयाच्या कैफियतीतील परिशिष्टासारखी. कापड कोणते, किती जुने, कोठे फाटलेले, हे ज्याला सांगावेसे वाटते त्याला कपडा हा अर्थव्यवहाराचा दस्तऐवज आहे हे कळलेले असते. बार्थला ब्रेख्तच्या कपड्यांत जी झीज दिसली, ती फुल्यांनी पाऊणशे वर्षे आधी लिहून ठेवली होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आणि त्यांनी ती नुसती लिहून ठेवली नाही. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. भोवती शालजोड्या, पगड्या आणि जडजवाहीर. त्या मेळ्यात उभे राहून, आपल्या अंगावर आहे तोच या देशातील बहुसंख्य प्रजेचा पोशाख आहे, अशा आशयाचे त्यांनी राजपुत्राला सांगितले. येथे वेश पात्राला शोभण्यासाठी नव्हता, सभेला न शोभण्यासाठी होता. वस्त्रे देऊन सत्ता देणाऱ्या परंपरेतच घडलेली ही कृती आहे, फक्त दिशा उलटी.

गो. पु. देशपांडे यांच्या 'सत्यशोधक'चा प्रयोग अतुल पेठे यांनी २०१२ साली पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केला. ज्यांना दिवसभर झाडूकामाचा गणवेश घालावा लागतो, त्यांच्या अंगावर रात्री एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा वेश चढत होता. त्यांच्यातल्या कोणी जोतीरावांचे पागोटे डोक्यावर घेतले, किंवा फुल्यांना विरोध करणाऱ्या शास्त्र्याचे उपरणे खांद्यावर टाकले, तर ते वस्त्र कोणत्या काळाचे म्हणावे? कापड, काठ आणि बांधणी यांवरून त्याचे उत्तर एक येते. ते अंगावर घेणाऱ्या माणसाच्या खांद्यांवरून, चालण्यावरून, हातांवरून येणारे उत्तर दुसरे असते. वेशभूषेची चिकित्सा आजवर पहिल्या उत्तराशी थांबत आली आहे.